ओकाझाकी मास्तरांचा सरदार

भूकंप होऊन दोन आठवडे झाले होते, तेव्हा आम्हाला मूव्ह ऑर्डर मिळाली. मी त्या वेळी इंजिनिअर्समध्ये मेजर होतो. जपानला जाणाऱ्या मदत पथकाला आमची एक तुकडी जोडली होती आणि तिची कमांड माझ्याकडे होती. पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून तोक्यो, तिथून बसने उत्तरेला. सेंदाई मागे टाकून किनाऱ्याकडे वळलो तेव्हा बर्फ भुरभुरत होता. तोवर बसमध्ये जवानांच्या गप्पा चालू होत्या. शेवटचा डोंगर उतरताना खाली गाव दिसलं आणि त्या बंद झाल्या.

मी आता निवृत्त आहे. मुलगी तोक्योत, तोयोसुच्या एका आयटी कंपनीत आहे, म्हणून वर्षातले काही महिने निशी-कसाईत तिच्याकडे असतो. इथली मराठी मंडळी विचारतात, सर, तुम्ही होता ना तिकडे, काय काय केलंत? कामाचं सांगायला फार नाही. ढिगारा उपसायचा, मृतदेह सापडला की पोलिसांना कळवायचं, त्यांनी येऊन नेईपर्यंत उभं राहायचं. तरी त्यातली काही माणसं सांगण्यासारखी आहेत. त्यातलं एक तर सातशे वर्षांपूर्वीच वारलेलं होतं.

गाव मासेमारीचं. बंदर, एक लहान खाडी, खाडीच्या तोंडाशी काँक्रीटची उंच भिंत. पाणी त्या भिंतीवरून आलं होतं. खालच्या भागात घर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. एका चारमजली इमारतीच्या गच्चीवर मोटार होती. वर टेकडीवर शाळा. तिच्या जिममध्ये वाचलेले लोक राहत होते. आम्ही मैदानाच्या कडेला तंबू ठोकले. रेशन आणि पाणी बरोबर नेलं होतं. त्यांच्यातलं काही घ्यायचं नाही असा हुकूम होता.

माझा सीनिअर जेसीओ सुभेदार दत्ताजी जगदाळे. कराडकडचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. दोरकाम त्याच्या हातात होतं. बोलायचा कमी, पण एकदा मनात आलेला प्रश्न विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

दुभाषा म्हणून आम्हाला ओकाझाकी-सान मिळाले. सत्तरीकडे झुकलेले, काटक, डोक्यावर लोकरी टोपी. सेंदाईच्या विद्यापीठात फ्रान्सचा मध्ययुगीन इतिहास शिकवून निवृत्त झालेले. जन्म याच गावचा. रस्ते वाहून गेले होते, पण ढिगाऱ्यावर उभं राहून ते सांगत, इथे तांदळाचं दुकान, इथे पोस्ट, इथून डावीकडे दवाखाना. इंग्रजी सावकाश आणि नेमकं बोलत. जवानांनी पहिल्याच दिवशी त्यांना मास्तर करून टाकलं.

रोज सकाळी फॉल-इन, ब्रीफिंग, मग खाली. दुपारी एखाद्या भिंतीच्या आडोशाला बसून खिचडीची पाकिटं गरम करायची. किकुची नावाच्या एक बाई जिममधून किटली घेऊन खाली येत आणि प्रत्येकाच्या मगात गरम चहा ओतत. त्यांचं गावात केशकर्तनालय होतं. आम्ही नको म्हणून पाहिलं. त्या कमरेत वाकत आणि ओतत. हुकूम तेवढ्यापुरता मी मोडू दिला.

अशाच एका दुपारी जगदाळे म्हणाला, "साहेब, मास्तरांना विचारा, रिटायर झाल्यावर काय करतात?"

मी विचारलं. ओकाझाकी-सान जरा संकोचले.

"एका माणसाचं चरित्र लिहितो आहे. फ्रान्सचा एक लहान जहागीरदार. सैनिक. आणि लेखक."

मी ते मराठीत सांगितलं. जगदाळेने खिचडीतला चमचा थांबवला. "सैनिक आणि लेखक? दोन्ही कसं जमलं त्याला?"

"आधी सैनिक," ओकाझाकी-सान म्हणाले. "डोळे गेल्यावर लेखक."

त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत थोडं थोडं ते सांगू लागले. ते इंग्रजीत सांगत, मी मराठीत. नाव कुणाला उच्चारता येईना. जगदाळेने त्याचा सरदार केला आणि मग सगळेच त्याला सरदार म्हणू लागले.

सरदाराचा जन्म डोंगरावरच्या एका गढीत. खाली द्राक्षांचे मळे, पाच-सहा गावं. बाप लढाईत पडला तेव्हा हा लहान होता. काकाने सांभाळलं. घोड्यांची खरारा-मालिश, चिलखतं घासणं, मोठ्यांना जेवण वाढणं, असं करत शिकला. गावच्या पाद्र्याने त्याला लिहायला-वाचायलाही शिकवलं. त्या काळात सरदारांच्या पोरांना त्याची गरज वाटत नसे. मोठा भाऊ होता, त्याच्यावर याचा फार जीव. इंग्रजांशी लढाई उभी राहिली. राजाचं बोलावणं आलं. दोघे भाऊ आपल्या गावांतली माणसं घेऊन निघाले.

"म्हणजे एका गावची पोरं एकाच कंपनीत," जगदाळे म्हणाला. "आपल्यासारखंच."

मी ते सांगितल्यावर ओकाझाकी-सान म्हणाले, "हो. म्हणून पुढचं जड आहे."

राजाची फौज हरून माघारी येत होती. वाटेत नदी होती आणि तिला एकच उतार, पायी पार होता येईल अशी जागा. मुख्य फौज पार होईपर्यंत उतार धरायचा आणि शिंग वाजलं की निघायचं, असा हुकूम या दोघा भावांना होता. त्यांनी उतार धरला. फौज पार झाली. तेवढ्यात मोठा भाऊ पाण्याच्या काठाशीच पडला. जागीच गेला. शिंग वाजलं. सरदाराने ते ऐकलं. वाट मोकळी होती. पण तो भावाच्या देहाशी उभा राहिला. तो उभा राहिला म्हणून त्याची माणसंही उभी राहिली. पलीकडून घोडदळ आलं. गावांतली जवळपास सगळी माणसं तिथे संपली. हा जखमी होऊन पकडला गेला.

जवान खाली बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढचं सांगितलं. तह झाल्यावर सरदार सुटला. गढीवर पोचला तेव्हा गावांतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणी बोल लावला नाही. आमचा माणूस कुठे आहे, एवढंच विचारलं. त्याला सांगता येईना. तो परत त्या नदीवर गेला. शत्रूची परवानगी काढून काठ उकरला. जेवढे सापडले तेवढे गाड्यांत घालून घरी आणले. त्यानंतर पुष्कळ वर्षं तो लढला. माणसं सांभाळून माघार घेणारा म्हणून इतर सरदार त्याला हसत. म्हातारपणी डोळे गेले. मग एका कारकुनाला समोर बसवून तरुण सैनिकांसाठी पुस्तक सांगितलं. घोड्याचा खूर कसा तपासावा, भाकरी कोरडी कशी ठेवावी, पहारा कसा लावावा, हे सगळं त्यात आहे. निम्मं पुस्तक मात्र माघारीवर. जो माणसं परत आणतो त्याची गाणी होत नाहीत, कारण त्याची माणसं घरी जेवायला बसलेली असतात, असं काहीसं त्याने सांगून ठेवलं आहे.

"चांगला माणूस," जगदाळे म्हणाला.

"मी त्याच्यावर चाळीस वर्षं रागावलो आहे," ओकाझाकी-सान म्हणाले. "शिंग ऐकलं. वाट दिसत होती. मागे जिवंत माणसं उभी होती. तरी तो का थांबला? पुस्तकात सगळं आहे, हे नाही. त्याच्या चरित्रात मी लिहिलं, सरदारकीची घमेंड."

किकुचीबाई किटली घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी ओकाझाकी-सानना हळू आवाजात काहीतरी विचारलं. ते उत्तर देताना अडखळले. मग माझ्याकडे वळले.

"त्या विचारतात, तुम्ही समुद्राच्या गेटपर्यंत कधी पोचाल."

"दोन दिवसांत. का?"

"भिंतीत लोखंडी गेट आहे. भूकंपाने वीज गेली. ते हाताने बंद करायला गावच्या अग्निशमन दलाचे तिघे गेले. पगारी नाहीत. गावातलेच, आपापला धंदा करणारे. गेट बंद झालं होतं. ते तिघे आले नाहीत. सगळ्यांत लहान यांचा मुलगा."

"आणि बाकीचे दोघे?"

"एक सुतार." ते थांबले. "एक माझा धाकटा भाऊ. दलाचा प्रमुख."

इतके दिवस ते आमच्याबरोबर खाली हिंडत होते. आमच्यापैकी कुणालाही हे माहीत नव्हतं.

गेटपाशी पोचलो त्या दिवशी ऊन होतं आणि वारा बोचरा. गेट जागेवर होतं, बंद. वरून पाणी गेलं होतं, पण गेट बंदच होतं. आतल्या बाजूला लाकूड, जाळी, पत्रे यांचा माणसापेक्षा उंच ढीग. त्यात दलाची लहान लाल गाडी उलटी रुतलेली. जगदाळेच्या पार्टीने एका बाजूने लाकडं कापत आत वाट काढली. दुपारनंतर त्याने हात वर केला. कटर बंद झाले.

एक बाही दिसत होती. अग्निशमन दलाचा कोट.

मी ओकाझाकी-सानना बोलावलं. ते ढिगाऱ्याच्या तोंडाशी आले आणि टोपी काढून उभे राहिले. चेहरा दिसत नव्हता. कमरेपासून खालचा भाग गाडीच्या चौकटीखाली होता.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"अर्धा तास, साहेब. चौकट जॅकवर उचलावी लागेल. घाई केली तर देहाला इजा होईल."

"घ्या वेळ."

जॅक लावला आणि जमीन हलू लागली. आधी ढिगाऱ्यातले पत्रे वाजले. मग उभं राहणं कठीण झालं. बराच वेळ हललं. आफ्टरशॉकची आम्हाला सवय झाली होती, पण हा वेगळा होता. थांबला तेव्हा टेकडीवरचा भोंगा सुरू झालेला होता.

रेडिओ वाजला.

"सह्याद्री वन, धिस इज बेस. त्सुनामी वॉर्निंग. ऑल पार्टीज मूव्ह टू हाय ग्राउंड. नाऊ. ओव्हर."

"बेस, सह्याद्री वन. रॉजर. मूव्हिंग. आउट."

मी शिट्टी दिली. जवान अवजारं टाकून बाहेर आले. सगळ्यांत जवळची उंच जागा म्हणजे देवळाच्या पायऱ्या, दोन शेतांएवढ्या अंतरावर. जगदाळे आतच होता.

"जगदाळे, बाहेर."

"साहेब, निघतोय तो. थोडा वेळ द्या."

"नाही. बाहेर."

"पाणी आलं तर घेऊन जाईल त्याला. मग सापडायचा नाही."

"माझ्याकडे इथे अकरा जिवंत माणसं आहेत, सुभेदार."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान हलवली. "एक मिनिट. फक्त दोर." त्याने कमरेचा दोर सोडला, देहाच्या काखांखालून घेतला, दुसरं टोक गेटच्या लोखंडी खांबाला गाठ मारून बांधलं आणि ओढून पाहिलं. तेवढं होईपर्यंत मी बाकीच्यांना पुढे पाठवलं होतं. ओकाझाकी-सानही त्यांच्याबरोबर गेले असं मी धरून चाललो. मग आम्ही दोघे मागे न बघता धावलो.

पायऱ्यांवर पोचल्यावर मी माणसं मोजली. जवान सगळे होते. ओकाझाकी-सान नव्हते.

ते निघालेच नव्हते. वरून स्पष्ट दिसत होतं. ढिगाऱ्याच्या तोंडाशी, टोपी हातात, तसेच उभे. मी जोरात हाक मारली. त्यांनी ऐकली, कारण वळून पाहिलं. आणि परत ढिगाऱ्याकडे तोंड केलं.

खाडीतलं पाणी मागे सरकत होतं. तळाचा चिखल उघडा पडू लागला होता. याचा अर्थ आम्हा सगळ्यांना शिकवलेला होता.

जगदाळेने हेल्मेटचा पट्टा आवळला.

"थांब," मी म्हणालो. "हुकूम आहे."

"साहेब, त्या मेलेल्यासाठी थांबू नको म्हणालात. ते मी ऐकलं. हा जिवंत आहे."

मी त्याला जा म्हणालो नाही. थांब असं दुसऱ्यांदाही म्हणालो नाही. तो गेला.

मी दुर्बीण लावली होती. तो मास्तरांपाशी पोचला. काहीतरी बोलला. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. जगदाळेने पुन्हा काही विचारलं नाही. वाकला, त्यांना खांद्यावर घेतलं आणि निघाला. चिखल, तारा, फुटकी कौलं. एकदा गुडघ्यावर आला, उठला. मी पायऱ्या उतरून दोन जवानांना घेऊन खाली गेलो. शेवटच्या टप्प्यात आम्ही चौघांनी त्यांना ओढून वर घेतलं.

पाणी आलं. मोठी लाट नव्हती. बंदराच्या धक्क्यावरून काळं पाणी पसरत आलं आणि भिंतीच्या तुटलेल्या भागातून आत शिरलं. कमरेएवढं असेल. पण माणूस उभा राहिला नसता. ढिगारा आतून कण्हल्यासारखा आवाज करत सरकला. लाल गाडी कुशीवर झाली. मग पाणी ओसरू लागलं, परत आलं, परत ओसरलं. आम्ही अंधार पडेपर्यंत देवळाच्या आवारात बसून होतो.

ओकाझाकी-सान माझ्या शेजारी होते. ते म्हणाले,

"मी चाळीस वर्षं त्याला मूर्ख समजलो. मला शिंग ऐकू आलं, मेजर. वाट दिसत होती. तुमची हाकही ऐकली. पायच उचलेनात. घमेंड नव्हती. काहीच नव्हतं. फक्त वाटलं, मी गेलो तर तो इथे एकटा राहील."

मी म्हणालो, "जगदाळेला काहीतरी झालं असतं."

"हो," ते म्हणाले. "सरदाराला ते आयुष्यभर कळत होतं. मलाही आता कळेल."

जगदाळे पायरीवर बसून बुटांतला चिखल काढत होता. मी त्याच्याजवळ गेलो. शिस्तीच्या दृष्टीने मला त्याला बोलायला हवं होतं. मी त्याला माझे कोरडे हातमोजे दिले. त्याने घेतले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खाली गेलो. ढीग हलला होता. दोर ताणलेला होता, गाठ जागेवर होती, आणि त्याच्या टोकाला तो होता. पाण्यानेच गाडी बाजूला केली होती, त्यामुळे जॅकचीही गरज पडली नाही. आम्ही स्वच्छ पाणी आणून त्याचा चेहरा धुतला. ओकाझाकी-सान वाकले, बघितलं आणि सरळ उभे राहिले.

"माझा भाऊ नाही," ते म्हणाले. "किकुची-सानचा मुलगा. केंता."

त्यांच्या आवाजात मला निराशा ऐकू आली नाही. असलीच तर त्यांनी ती आत ठेवली. किकुचीबाईंना सांगायला ते स्वतः वर गेले. बाई आल्या तेव्हा आम्ही दोन रांगांत, हेल्मेटं काढून उभे होतो. त्या मुलाशेजारी चिखलातच बसल्या आणि ओल्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या. मग पर्समधून कंगवा काढून त्यांनी त्याचे केस नीट विंचरले, भांग पाडला. घाई कुणालाच नव्हती. पोलिसांची गाडीही लांब उभी राहिली.

सुतार तीन दिवसांनी सापडला. ओकाझाकी-सानचा भाऊ सापडला नाही. आम्ही निघेपर्यंत शोधलं. नंतर त्यांच्या सैन्याने शोधलं. आजपर्यंत नाही.

निघायच्या दिवशी ओकाझाकी-सान सेंदाईपर्यंत आमच्या बसमध्ये आले. उतरताना जगदाळेसमोर उभे राहिले आणि इतके खाली वाकले की जगदाळे गोंधळून सॅल्यूट करून बसला.

"साहेब, मास्तरांना सांगा," तो म्हणाला, "सरदाराचं पुस्तक नीट पुरं करा. घमेंड तेवढी खोडा."

मी सांगितलं. मास्तर पहिल्यांदा हसले.

त्यांनी ते पुरं केलं. जपानीत आहे, मला वाचता येत नाही. नातीला येतं. नदीच्या उताराचं प्रकरण तिने मला वाचून दाखवलं. अर्धं जपानीत, अर्धं इंग्रजीत समजावत. तो का थांबला याला त्यांनी फक्त चार ओळी दिल्या आहेत. घमेंड हा शब्द त्यात नाही.

जगदाळे पुढे काही वर्षांनी गेला. हिमालयातल्या एका पुरात. नदीवर दोर बांधून त्याने एका वस्तीतली माणसं पलीकडे काढली होती. स्वतःही पार झाला होता. एक म्हातारी मागे राहिल्याचं कळलं, म्हणून परत गेला. म्हातारीला दोरावर चढवलं आणि त्याच्या पायाखालचा कडा सुटला. म्हातारी वाचली. मी तेव्हा दुसऱ्या पोस्टिंगवर होतो. मला फोनवर कळलं.

निवृत्तीनंतर मी पहिल्यांदा निशी-कसाईला आलो त्या वर्षी मार्चमध्ये ओकाझाकी-सानच्या गावी गेलो. सेंदाईला ते मला घ्यायला आले होते, काठी घेऊन. गाडीत त्यांनी सगळ्यांत आधी जगदाळेची चौकशी केली. मी सांगितलं. त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मग त्याचं पूर्ण नाव विचारलं आणि दोनदा माझ्याकडून म्हणून घेतलं.

गेटपाशी आता एक दगड उभा केला आहे. भूकंपाच्या वेळेला भोंगा झाला, सगळे समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. मग दलाच्या आजच्या प्रमुखाने नावं घेतली. ओकाझाकी शिगेरु. हाता योशिओ. किकुची केंता. तो थांबला, तेव्हा ओकाझाकी-सान एक पाऊल पुढे झाले.

"जगदाळे दत्ताजी," ते म्हणाले. "सुभेदार. भारत."

जमलेल्या लोकांना अर्थ लागला नसावा. कुणी मान वर केली नाही. किकुचीबाई दगडासमोर गुडघे टेकून उदबत्त्या लावत होत्या. तीन लावून झाल्या होत्या. वाऱ्यात काडी पेटेना, म्हणून त्यांनी हाताचा आडोसा केला आणि चौथी लावली.